अकरा पावलं

रस्त्यावर पाणी ओतायची त्यांची एक ठरलेली रीत होती. खांद्यावरच्या पिशवीतून प्यायच्या पाण्याची बाटली काढायची, स्वतः एक घोट घ्यायचा आणि उरलेलं पाणी रस्त्याच्या मधोमध, धार तुटू न देता, हळूहळू सोडायचं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकून बघत राहायचं. पाणी जरा वेळ जागीच थबके, मग कुठलीतरी बाजू धरी. ते निघालं की हेही त्याच्या मागोमाग निघत.

"पानी काय म्हनतं ते आधी बगू," ते म्हणायचे. "इंजिनेर काय म्हनतो ते मंग."

उन्हाळ्यात त्यामुळे दुपारी त्यांच्याकडे प्यायला पाणी नसे आणि ते कुणाच्याही दारात जाऊन मागत. पट्ट्यातल्या प्रत्येक घराचा माठ त्यांना माहीत होता. कुणाचं पाणी गार, कुणाचं मचूळ, हे ते रस्त्यांइतक्याच गांभीर्याने सांगत.

ते आमच्या नगरपंचायतीत रस्त्यांचे मुकादम होते. कल्याणहून मलंगगडाच्या दिशेला, रिक्षाने अर्ध्या-पाऊण तासावर असलेली ही गावं. ग्रामपंचायतींची मिळून नगरपंचायत झाली, शेतांमध्ये सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या, आणि तरी निम्मे रस्ते मुरमाचेच राहिले. मी या नगरपंचायतीच्या वाचनालयात होतो. वाचनालय बंद झालं तेव्हा मला बांधकाम विभागात बसवलं आणि तक्रारींची वही माझ्याकडे दिली. मला रस्त्यांतलं काही कळत नव्हतं. रोज ठाकुर्लीहून येताना मी रस्त्यांवरूनच येत होतो, पण रस्ता ही बघायची गोष्ट आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हालाही बहुधा सांगितलं नसेल. खड्डा लागला की आपण खाली बघतो, शिवी देतो, पुढे जातो.

पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. बुटके, काळेसावळे, अंगात खाकी सदरा, पायात टायरच्या चपला. वहीकडे बोट दाखवून म्हणाले, "वाचा भाऊसाहेब."

"तुम्हाला वाचता येत नाही का?"

"येतं. पन लोक रागावलेले असतात ना त्यात. दुसऱ्याच्या तोंडून जरा थंड लागतं."

मग रोज सकाळी हा कार्यक्रम होऊ लागला. मी तक्रारी वाचायचो, ते भिंतीला टेकून ऐकायचे. एका संकुलातले निवृत्त गृहस्थ दर आठवड्याला दोन पानांचं पत्र पाठवत. त्यात 'नागरिकांच्या सहनशीलतेचा अंत' हे शब्द हटकून असत. मुकादम ते ऐकून मान डोलवायचे. "अंत आला म्हंजे चहा पिऊन याला लागंल." आणि खरंच जात. तासाभराने परत येऊन सांगत, "खड्डा दीड वीतच हाय. सूनबाई बोलत नाय त्यांच्याशी, ते मोठं हाय."

खड्डा मात्र ते त्याच दिवशी बुजवत. त्यांचं खड्डा बुजवणं मी तीन-चारदा मुद्दाम जाऊन पाहिलं. आधी ते खड्डा मोठा करत. वेड्यावाकड्या कडा छिन्नीने सरळ तोडून त्याला चौकोनी करत, आतली सुटी खडी आणि धूळ झाडूने काढत, मग फडक्याने पुसत. अगदी पुसत. ओल दिसली तर काम थांबवून उन्हाची वाट बघत बसत. मग डांबर, मग खडी, मग धुम्मस घेऊन ठोकून दाबणं. शेवटी डबा उघडून तिथेच कडेला जेवायला बसत, म्हणजे ताज्या कामावरून कुणी गाडी घालू नये.

एकदा मोटारसायकलवरचा गावातलाच एक जण ओरडला, "काय मुकादम, खड्ड्याचं बारसं हाय का आज?"

"हाय ना! आत्या कोन नाय, ये तू. कानात नाव सांगून जा."

गँगमधले चौघे मजूर हसले. मोटारसायकल मात्र वळसा घालून गेली.

डांबरापेक्षा त्यांचा जीव मुरमाच्या रस्त्यांवर होता. डांबराचा रस्ता तोंड मिटून बसतो आणि आतून सडतो, असं त्यांचं मत. मुरमाचा रस्ता काय दुखतंय ते लगेच दाखवतो. "भाऊसाहेब, रस्त्याला पाठ पायजे, पोट नको," असं म्हणून ते तळहात उपडा धरून दाखवत. मधे उंच, दोन्हीकडे उतरता. पावसाळ्याआधी कडेची गवतं काढायची, चर मोकळे करायचे. पावसाळा सरला की वाहून गेलेला मुरूम परत टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. दरवर्षी तेच. मी एकदा विचारलं, याचा कंटाळा येत नाही का? ते म्हणाले, "तुमी दाढी करता ना रोज?"

कार्यालयाच्या कपाटात ग्रामपंचायतीच्या काळची एक वही होती. तिच्यावर 'रस्ते' एवढंच लिहिलेलं. त्या वेळच्या ग्रामसेवकांनी मुकादमांना पुढे चालायला लावून ती लिहून घेतली होती. टेप नव्हती, किंवा असेल तर कुणी शोधली नसेल. सगळी मापं मुकादमांच्या पावलांत होती. 'वडापासून बाराव्या पावलाला खचतो.' 'शाळेचे फाटक ते हापशी, साठ पावले, पाणी डावीकडे.' वाचनालयातली पुस्तकं गेल्यावर मी ही वही दुपारच्या सुट्टीत वाचत असे. तरुण मुकादम सगळ्या गावांतून चालत गेलेले आहेत आणि मागून एक माणूस मोजतो आहे, असं वाटायचं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती लिहायची म्हणूनच हे सगळं लिहायला बसलो, आणि तिथे पोचायला मला उशीर होतो आहे.

खालच्या आळीत ठमाबाय नावाच्या म्हाताऱ्या एकट्या राहतात. त्यांचं घर रस्त्याच्या उताराच्या तळाशी, जोतं अगदी बुटकं. वरच्या शेतांचं पाणी रस्त्याशी येऊन अडे आणि पलीकडे जायला वाट मिळाली नाही तर त्यांच्या घरात शिरे. पावसाळ्यात त्यांची खाट चार-चार विटांवर चढवलेली असायची आणि तांदळाचं पिंप खाटेवर. चूलही फळीवर. मुकादम दरवर्षी पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला स्वतः कुदळ घेऊन जात आणि त्या मुरमाच्या रस्त्यात आडवा उथळ चर मारत, म्हणजे पाणी रस्ता ओलांडून नाल्याकडे जाई. जोराचा पाऊस झाला की चर बुजे. मग ते पुन्हा जात. एका पावसाळ्यात सात-आठ फेऱ्या सहज होत. ठमाबाय त्यांना दर वेळी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी देत. गँगचे मजूर चिडवत, "मुकादम त्या चरावर फार खूश हाय, भाकरी लागते तिथं."

त्या थट्टेला मुकादम कधीच उलट बोलले नाहीत. बाकी प्रत्येक थट्टेला त्यांच्याकडे उत्तर असायचं. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते, तेव्हा खालच्या आळीचा रस्ता काँक्रीटचा करायचं मंजूर झालं. गावात पेढे वाटले गेले. मुरूम टाकून, रोलर फिरवून झाला, सोमवारी काँक्रीट ओतायचं ठरलं. शुक्रवारी सकाळी मुकादम आले आणि तक्रारींची वही उघडायच्या आत म्हणाले, "आज माजी तक्रार ल्ह्या."

मला वाटलं गंमत करतायत.

"त्या रस्त्याखाली मोरी हाय. मोठा पाइप. मीच टाकला होता, ग्रामपंचायत होती तवा. पानी त्यातून जायचं. मंग एका साली जत्रेला कोन मोठा पाहुना येनार होता, सरपंच बोलला रस्ता रुंद दिसला पायजे. मी एका दिवसात दोन्ही बाजूंनी मुरूम लोटला. पाइपाची दोन्ही तोंडं बुजली. बोललो, जत्रा झाली का उकरू. नाय उकरली. पुडल्या साली आनखी मुरूम पडला."

"आणि तेव्हापासून चर मारताय?"

त्यांनी मान डोलवली. मग हळूच म्हणाले, "मुरमाला चर मारता येतो. काँक्रीटला काय मारनार? आन मी तर घरी बसनार."

मी त्यांना इंजिनिअर मॅडमकडे घेऊन गेलो. मॅडम तरुण होत्या, बाळकुमहून स्कूटरवर यायच्या, आणि कामात चोख. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"काका, रेकॉर्डला मोरी नाहीये."

मी कपाटातली 'रस्ते'ची वही पुढे केली. मोरीबद्दल तिच्यात एकच ओळ होती. 'खालची आळी. मोरी. शेवग्यापासून अकरा पावले, पूर्वेस.'

मॅडमनी ती दोनदा वाचली. "पावलं? कुणाची पावलं? हे मी एस्टिमेटला कसं लावू?" मग मुकादमांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "बघा, बेस रोल झालाय, तो सगळा फोडून नाही चालणार मला. कॉन्ट्रॅक्टर बोंबलेल. दोन खड्डे घ्या. फक्त दोन. पाइप दाखवा, मी तोंडं वाढवून घेते आणि लेव्हल बदलते, माझी जबाबदारी. नाही सापडला तर सोमवारी ओततेय. ओके?"

"ओके," मुकादम म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढाच एकदा ऐकला.

शेवगा केव्हाच पडला होता, पण त्याचं खोड ठमाबायच्या न्हाणीपाशी, अंघोळीच्या दगडाला लागून, अजून होतं. मुकादम खोडाला पाठ लावून उभे राहिले आणि अकरा पावलं चालले. गँगने खणलं. कंबरभर खड्डा झाला. मुरूम, मुरमाखाली मुरूम, मग काळी माती. पाइप नव्हता.

दुपार झाली होती. मुकादम खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. डबाही उघडला नाही. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी चाला. तुमी उंच हाय."

मी चाललो. अकरा पावलं मोजून थांबलो. माझी पावलं त्यांच्याही अलीकडेच थांबली होती. मजुरांना हसू आवरेना.

"वाचनालयातली चाल हाय," एक जण म्हणाला. "आवाज नको व्हायला ना!"

मुकादमही हसले. एकच खड्डा शिल्लक होता. ठमाबाय दारात बसून सगळं बघत होत्या. मुकादम उठून त्यांच्यापाशी गेले आणि मातीने भरलेले हात पुढे धरून उभे राहिले.

"बाय, एक सांगाचं हाय. तुज्या घरात पानी येतं ना, ते माज्यामुलं. पाइप मीच बुजवला."

आमच्या त्या बाजूला मोठ्यांनाही 'तू' म्हणतात, त्यात अनादर नसतो. ठमाबायनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"म्हाइत हाय मना."

"काय म्हाइत हाय?"

"मी हितंच बसलेली होती. मुरूम लोटत होतास ते बगत होती."

"मंग बोलली का नाय इतकी सालं?"

"काय बोलू? तू येत होतास ना दर पावसाला." एवढं म्हणून त्या आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच आवाज करत लावू लागल्या.

मुकादम तिथेच उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. मी उगाच बगलेतली वही उघडली, आणि माझी नजर त्या दुसऱ्या ओळीवर गेली. 'शाळेचे फाटक ते हापशी, साठ पावले.'

कधीकधी आपल्याला फार साधी गोष्ट फार उशिरा कळते. शेवगा चुकला नव्हता, आकडाही चुकला नव्हता. चालणारा माणूस म्हातारा झाला होता. त्याचे गुडघे दुखत होते. त्याचं पाऊल आखडलं होतं आणि हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण आपलं पाऊल कुणी मोजत बसत नाही.

शाळेचं फाटक अजून तेच होतं. हापशी बंद पडली होती, पण उभी होती. मी आणि मुकादम गँगची टेप घेऊन गेलो. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. आलेल्या मापाला साठाने भागलं, तर एक पाऊल तीन फुटांना थोडं कमी भरलं. मग तिथेच मी त्यांना दहा पावलं चालायला लावलं आणि तेही मोजलं. आताचं पाऊल दोन फुटांच्या जेमतेम पुढे होतं.

त्यांनी टेपवरच्या त्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "एवढा लांब टाकायचो मी पाय?"

आम्ही आठ फूट अलीकडे खणलं होतं.

दुसरा खड्डा त्यांनी स्वतः सुरू केला, कुणाला हात लावू दिला नाही. मजूर ओरडत होते, "आता बस करा मुकादम, आमी करतो." सावल्या लांबायला लागल्या तेव्हा कुदळ कशावर तरी ठणकली. त्यांनी कुदळ टाकली, खड्ड्यात उतरले आणि हातांनीच माती बाजूला करू लागले. सिमेंटच्या पाइपाची पाठ दिसली. ओलसर, करडी. त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि वर न बघता म्हणाले, "मॅडमला फोन लावा. बोला, पावलं माजी होती."

मॅडम अर्ध्या तासात स्कूटरवर आल्या. खड्ड्यात वाकून बघितलं, "अरे, सॉलिड!" म्हणाल्या, आणि लगेच कॉन्ट्रॅक्टरशी फोनवर भांडायला बाजूला गेल्या. सोमवारचं काम चार दिवस पुढे गेलं. पाइप साफ झाला, दोन्ही तोंडं वाढली, रस्त्याला उतार मिळाला. मोरीची नोंद मीटरमध्ये झाली. ती मीच केली.

मुकादम ठरल्या दिवशी निवृत्त झाले. शाल-श्रीफळ घेताना त्यांना कुणीतरी दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "स्टेशन रोडची साइडपट्टी राहिली हाय," आणि खाली बसले.

पुढचं मी थोडक्यात लिहितो. दोन महिन्यांत त्यांना पोटाचं दुखणं निघालं. कल्याणला दवाखान्यात होते. मी विठ्ठलवाडीच्या एका नातलगाकडे जायचं निमित्त काढून दर दोन दिवसांनी जायचो. अंगावरचं मांस गेलं होतं, पण मला दारात बघितलं की हाताने जवळ बोलवत आणि कुजबुजत, "भाऊसाहेब, हितला दारातला चाकाच्या खुर्चीचा उतार बगितला का? उलटा दिलाय. पाऊस आला का पानी आत." नर्सला वाटे ते बरळतायत. मी जाताना बघायचो. उतार उलटाच होता.

शेवटच्या भेटीत त्यांनी मला तक्रारींची वही आणायला सांगितली. कार्यालयाबाहेर वही नेता येत नाही, तरी मी नेली. मी वाचत होतो, ते डोळे मिटून ऐकत होते. निवृत्त गृहस्थांचं पत्र आलं तेव्हा ओठ हलले. "चहा," एवढंच म्हणाले.

त्यांना घेऊन जाताना गाडी आमच्या मुरमाच्या रस्त्यांवरूनच गेली. मागून चालणारे आम्ही सगळे खाली बघत होतो. गँगचे चौघे, मॅडम, मी. गावातल्या लोकांना वाटलं असेल दुःखाने माना खाली आहेत. ते तर होतंच.

भाद्रपदात एका घरपट्टीच्या कामासाठी मी खालच्या आळीत गेलो. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. वरची शेतं तुडुंब भरलेली. ठमाबायच्या दारात छत्री मिटली आणि आत पाहिलं. खाट खाली होती, चारही पाय जमिनीवर. विटा कोपऱ्यात रचून ठेवलेल्या. त्या स्वतः जमिनीवरच, पाय पसरून, तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"बसा भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. मी खाटेकडे वळलो, तर त्यांनी शेजारी थोपटलं. "खाली बसा. सुकं हाय."

मी बसलो. फरशी खरंच कोरडी होती. बाहेर रस्त्याखालून पाणी जोरात जात होतं, त्याची घरघर आतपर्यंत ऐकू येत होती. त्यांनी भाकरी आणि चटणी पुढे ठेवली. मी नको म्हणालो नाही. त्या पुन्हा सूप घेऊन बसल्या. बराच वेळ खडे वेचत राहिल्या, आणि मग दाराबाहेर, पावसाकडे बघत म्हणाल्या, "यंदा कोन आलाच नाय."